लक्ष्य आखायचे कुठे? हट्टी व्हीटीवर किरणोपचाराचे एक प्रकरण

रुग्ण ६८ वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. १४ वर्षांपूर्वी हृदयाच्या खालच्या भिंतीला मोठा झटका, वर्षभरात बायपास. त्यानंतर हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे ईएफ, २५ टक्क्यांवर येऊन थांबली. निरोगी माणसात ती ५५च्या आसपास किंवा वर असते. सहा वर्षांपूर्वी छातीत आयसीडी, म्हणजे घातक ठोके ओळखून गरजेला शॉक देणारे छोटे यंत्र, बसवला. पहिली चार वर्षे तो नुसता पहारा देत होता. गेल्या दोन वर्षांत मात्र व्हीटीचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या घातक जलद ठोक्यांचे, झटके सुरू झाले. ताल आवरणारे अमिओडॅरोन हे औषध दिले, त्याने भागेना म्हणून जोडीला मेक्सिलेटिन दिले, दोनदा कॅथेटर अ‍ॅब्लेशन (बारीक नळी हृदयात नेऊन व्हीटीची जागा भाजणे) झाले. आणि आता चोवीस तासांत आयसीडीचे पाच शॉक घेऊन ते अतिदक्षता विभागात दाखल झाले होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे गुरुजी म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. अशा रुग्णांच्या वाटचालीत जे पुन्हा पुन्हा दिसते, त्यावरून हे प्रकरण चर्चेसाठी बांधले आहे. प्रसिद्ध अभ्यासांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

व्हीटी म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, पण हा व्रण एकसंध नसतो. त्यात अधूनमधून जिवंत तंतूंचे बारीक पट्टे उरलेले असतात. विजेची लहर या पट्ट्यांतून रेंगाळत जाते, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत शेजारचा निरोगी स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. मग ती लहर त्याला पेटवून फिरून त्याच पट्ट्यात शिरते आणि घाण्याच्या बैलासारखी त्याच वाटेवर फिरत राहते. हृदयाचा खरा ताल बाजूला पडतो, ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात, रक्तदाब कोसळतो. आयसीडी ही व्हीटी ओळखतो आणि मोडतो. ती मुळात होऊ नये यासाठी तो काहीच करत नाही, आणि रुग्णाच्या घरच्यांना हे समजावणे फार जड जाते. यंत्र बसवले म्हणजे आजार गेला, असा समज पक्का झालेला असतो.

त्या रात्रीच्या आयसीडीच्या नोंदी वाचण्यासारख्या होत्या. दर ठोक्यातले अंतर ४०० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला १५० ठोके. यंत्राने आधी न दुखणारा उपाय केला: व्हीटीपेक्षा जरा जलद असे आठ ठोके देऊन तिची वाट अडवायची. व्हीटी मोडली नाही. पुन्हा तेच केले, थोडे अधिक जलद. या वेळी ती मोडण्याऐवजी बिथरली आणि अंतर ३०० मिलिसेकंदांवर आले, म्हणजे मिनिटाला २०० ठोके. मग शॉक. गुरुजी तोवर पूर्ण शुद्धीवर होते. हे सगळे एका मिनिटाच्या आत घडले, आणि पुढच्या काही तासांत पुन्हा पुन्हा घडले. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेगवेगळ्या व्हीटी झाल्या की त्याला स्टॉर्म म्हणतात.

शॉकची भीती हा या आजाराचा स्वतंत्र आजार आहे. गुरुजींच्या पत्नीने सांगितले, "हे आता खुर्चीतच झोपतात. आडवं झालं की शॉक बसतो, असं ह्यांच्या मनानं घेतलंय. आणि मलाही ह्यांच्या अंगाला हात लावायची धास्ती वाटते." शॉकच्या वेळी स्पर्श करणाऱ्याला फार तर झिणझिणी जाणवते, हे सांगून त्यांची धास्ती थोडी कमी झाली. खुर्ची मात्र सुटली नाही.

पुढचे मार्ग एकेक करून बंद होत गेले ते असे. अमिओडॅरोनने थायरॉइड मंदावले होते. शिवाय या औषधाची एक मेख असते: ते व्हीटी बंद करत नाही तेव्हा तिचा वेग कमी करते, आणि ती इतकी सावकाश होते की आयसीडीच्या ओळखीच्या मर्यादेखालून निसटते. गुरुजींची मर्यादा त्यासाठीच आधी एकदा खाली आणावी लागली होती. कॅथेटर अ‍ॅब्लेशनचे दोन्ही प्रयत्न आतल्या बाजूने झाले होते. कॅथेटरच्या टोकाची उष्णता स्नायूत काही मिलिमीटरच शिरते. व्हीटीची वाट भिंतीच्या गाभ्यात किंवा बाहेरच्या पृष्ठभागाजवळ असली, तर आतून कितीही भाजले तरी तिथवर पोचत नाही. मग बाहेरून, हृदयावरणात सुई घालून जायचे. पण बायपासनंतर हृदयावरण हृदयाला चिकटलेले असते, त्यामुळे तीही वाट नव्हती. मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे दोन्ही कमजोर असल्याने तिसऱ्यांदा लांबलचक भूल देणे धोक्याचे होते, आणि त्याच कारणाने हृदय प्रत्यारोपणाचा विषय सुरू होण्याआधीच संपला. मानेजवळच्या मज्जागुच्छात भुलीचे इंजेक्शन देऊन स्टॉर्म तात्पुरते शमवले. तो उपाय काही दिवसांची सवड देतो, त्याहून जास्त नाही.

या टप्प्यावरच्या रुग्णांचे चित्र मुळातच फारसे उजळ नसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हॅनिश चाचणीत असे २५९ रुग्ण होते: हृदयविकाराचा जुना झटका, आयसीडी, आणि औषधे चालू असूनही व्हीटी. औषधे वाढवलेल्या गटात ६८.५ टक्के रुग्णांच्या वाट्याला मृत्यू, स्टॉर्म किंवा आयसीडीचा योग्य शॉक यांपैकी काहीतरी आले. अ‍ॅब्लेशन केलेल्या गटात हे प्रमाण ५९.१ टक्के होते. अ‍ॅब्लेशन सरस ठरले, हे खरे. पण सरस ठरलेल्या बाजूलाही निम्म्याहून अधिक लोक पुन्हा संकटात सापडले. किरणोपचाराचा विचार पुढे आला तो या जागेतून.

"बाबांना कॅन्सर नाहीये, मग रेडिएशन कशाला?"

हा प्रश्न गुरुजींच्या मुलीचा. आणि दुसरा, पाठोपाठ: "मी वाचलंय, ९९.९ टक्के फायदा होतो. खरं आहे का, डॉक्टर?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. पहिल्याचे उत्तर असे. कर्करोगात फुफ्फुसातील किंवा यकृतातील छोट्या गाठीवर अनेक दिशांनी बारीक किरणझोत एकाच बिंदूवर जमवण्याचे तंत्र बरीच वर्षे वापरात आहे. त्याला स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन म्हणतात. प्रत्येक झोत एकटा सौम्य असतो, जिथे ते एकमेकांना छेदतात तिथेच डोस प्रचंड होतो. हेच तंत्र व्हीटीच्या व्रणावर वापरायचे. चिरफाड नाही, कॅथेटर नाही, भूल नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१२ साली व्हीटीच्या रुग्णावर हे प्रथम झाले. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील फिलिप कुकुलिच हे हृदयतज्ज्ञ आणि क्लिफर्ड रॉबिन्सन हे किरणोपचारतज्ज्ञ यांनी २०१७ साली पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि या उपचाराकडे जगाचे लक्ष गेले.

९९.९ टक्के हा आकडा त्याच पाच जणांचा आहे, आणि तो कसा निघाला ते नीट पाहायला हवे. उपचाराआधीच्या तीन महिन्यांत पाच जणांना मिळून व्हीटीचे ६,५७७ झटके आले होते. उपचारानंतरचे पहिले सहा आठवडे परिणाम स्थिरावण्यासाठी हिशेबाबाहेर ठेवले. त्या काळातही ६८० झटके आले. त्यानंतर सर्वांचे मिळून ४६ रुग्ण-महिने मोजले, त्यात फक्त चार झटके आले. तेव्हा ही घट झटक्यांची आहे, माणसांची नव्हे. ज्याला हजारो झटके येत होते त्याचे वजन या बेरजेत सर्वांत जास्त. पाचांपैकी एक वयोवृद्ध रुग्ण तीन आठवड्यांत पक्षाघाताने दगावला. मुलीला आम्ही हा आकडा नाकारून दाखवला नाही. तो कशाचा आहे एवढेच उलगडून सांगितले.

त्यापुढचा अभ्यास, २०१९चा एन्कोर-व्हीटी, १९ रुग्णांचा. त्यात व्हीटीच्या रुग्णांतला झटक्यांचा मध्यांक सहा महिन्यांत ११९ वरून ३ वर आला. दोन-दोन औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण ५९ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर उतरले. पण वर्षअखेर हयात होते ७२ टक्के. माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांना सांगायचा आकडा हाच. व्हीटी आवरली तरी मूळचे दुबळे हृदय दुबळेच राहते, आणि हा उपचार सध्या ज्यांच्यावर होतो ते इतर सर्व वाटा चालून थकलेले रुग्ण असतात. संमतिपत्रात 'प्रायोगिक' हा शब्द मोठ्या अक्षरात होता. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, डोस कोणत्या एककात मोजतात ते विचारले आणि सही केली.

लक्ष्य

या उपचारात किरण देणे हे सोपे काम आहे. यंत्र मिलिमीटरच्या अचूकतेने सांगाल तिथे डोस पोचवते. अवघड आहे ते 'तिथे' म्हणजे कुठे हे ठरवणे. कर्करोगाची गाठ सीटीवर दिसते, तिच्याभोवती रेषा ओढता येते. व्हीटीची वाट सीटीवर दिसत नाही. ती विजेची आहे, आणि व्हीटी चालू असतानाच अस्तित्वात असते. म्हणून या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ ज्या कामात गेला त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिला पुरावा, व्हीटीचा बारा लीडचा ईसीजी, म्हणजे हृदयाची वीज बारा दिशांनी पाहणारा आलेख. गंमत अशी की वर्षानुवर्षे व्हीटी असलेल्या रुग्णाकडे तो बहुधा नसतोच, कारण ईसीजीचे मशीन येईपर्यंत आयसीडीने शॉक देऊन टाकलेला असतो. म्हणून थोडी गुंगी देऊन, बाहेरचा डिफिब्रिलेटर तयार ठेवून, आयसीडीच्याच तारेतून ठरावीक ठोके देत व्हीटी मुद्दाम सुरू करायची, ईसीजी काढायचा आणि आयसीडीनेच ती मोडायची. गुरुजींमध्ये अशा दोन व्हीटी मिळाल्या. पहिलीत दोन, तीन आणि एव्हीएफ या खालच्या लीडमध्ये लहरी खाली जात होत्या. याचा अर्थ वीज खालच्या भिंतीतून बाहेर पडून वर पसरत होती. छातीवरच्या व्ही१ ते व्ही६ या सर्व लीडमध्ये लहरी वर होत्या, म्हणजे बाहेर पडण्याची जागा झडपेजवळ, हृदयाच्या मुळाशी होती. दुसरी व्हीटीही खालूनच निघत होती, पण हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या बाजूला सरकलेली.

दुसरा पुरावा, आधीच्या दोन अ‍ॅब्लेशनचे नकाशे. कॅथेटर आत फिरवून प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज मोजलेला असतो: ०.५ मिलिव्होल्टच्या खाली दाट व्रण, १.५च्या वर निरोगी स्नायू, अधलेमधले सगळे संशयित. या नकाशात खालच्या भिंतीचा मधला आणि टोकाकडचा भाग ठळक लाल, म्हणजे दाट व्रणाचा, होता. मुळाकडचा भाग जवळजवळ निरोगी रंगाचा. पण हे मोजमाप आतल्या पृष्ठभागाचे. दूरचे स्नायूही टिपणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने तीच नोंद वाचली, तेव्हा मुळाकडचा भागही बिघडलेला निघाला. म्हणजे खराबी आत खोल होती, कॅथेटरच्या पोचेपलीकडे. दोन अ‍ॅब्लेशन का फसली याचे उत्तर तिथेच मिळाले.

तिसरा पुरावा, सीटी. खालच्या भिंतीच्या मुळाशी स्नायू चार मिलिमीटरपर्यंत पातळ झालेला.

तिन्ही पुरावे एकमेकांवर तंतोतंत बसत नव्हते, आणि कधीच बसत नाहीत. काही केंद्रांत यासाठी छातीवर २५६ इलेक्ट्रोडांचे बनियन चढवून बाहेरूनच विजेचा नकाशा काढतात. सेंट लुइसच्या गटाने तेच केले होते. ती सोय नसेल तिथे या तीन गोष्टींवर भागवावे लागते.

मग हृदयरोग आणि किरणोपचार हे दोन्ही विभाग संगणकाच्या एका पडद्यासमोर बसले. इथे एक अशी अडचण येते की जिचा बाहेरच्या माणसाला अंदाजही येणार नाही. हृदयतज्ज्ञ हृदयाला त्याच्या स्वतःच्या अक्षावर पाहतात: टोक, मूळ, आणि त्यांच्यामधल्या आडव्या चकत्या. किरणोपचारतज्ज्ञ शरीराच्या अक्षावर पाहतात: डोक्याकडून पायाकडे जाणारे काप. हृदय छातीत तिरके बसलेले असल्याने या दोन दृष्टींतली 'खालची भिंत' एकच राहत नाही. किरणोपचारतज्ज्ञांनी पहिल्या मसुद्यात श्वासपटलाला टेकलेल्या भिंतीभोवती रेषा ओढली होती. हृदयतज्ज्ञ मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंत बरोबर आहे, सर. पण ही टोकाकडची झाली. मला मुळाकडची हवी. आणखी मागे, पाठीच्या कण्याकडे." ती जागा आखलेल्या रेषेच्या मागे दोन-अडीच सेंटिमीटरवर निघाली.

मसुदा होता, तपासणीसाठीच होता, त्यामुळे यात कोणाचे काही चुकले असे नाही. पण ती रेषा तशीच पुढे गेली असती, तर यंत्राने पूर्ण अचूकतेने भलताच स्नायू भाजला असता. युरोपातील स्टॉपस्टॉर्म या संयुक्त प्रकल्पात वेगवेगळ्या केंद्रांनी एकाच रुग्णाच्या माहितीवरून लक्ष्य आखले, तेव्हा आखलेल्या भागांत लक्षणीय तफावत आढळली. मला यात नवल वाटत नाही.

यावर तोडगा एकच: सगळ्यांनी एकाच भाषेत बोलायचे. डाव्या खालच्या कप्प्याचे १७ भाग पाडण्याची हृदयशास्त्रातली सर्वमान्य पद्धत आहे. सीटी हृदयाच्या अक्षावर फिरवून घेतली, त्यावर हे १७ भाग आखले. पहिल्या व्हीटीची जागा चार आणि पाच क्रमांकाच्या भागांच्या सीमेवर आली, दुसरीची चारच्या, कप्प्यांमधल्या पडद्याकडील कडेला. मग हे भाग परत शरीराच्या अक्षावरच्या प्लॅनिंग सीटीवर, म्हणजे किरणांच्या आखणीसाठी काढलेल्या सीटीवर, उतरवले. महाधमनीचे मूळ आणि हृदयधमन्यांची तोंडे खुणेसाठी धरून जुने नकाशे त्यावर बसवले.

उरला प्रश्न किती मोठे आखायचे याचा. दोन बाहेर पडण्याच्या जागा घेतल्या तर भाग लहान, दुष्परिणाम कमी. पण वाट भलतीकडून वळली तर पुन्हा व्हीटी. सगळा व्रण घेतला तर वाट सुटत नाही. पण फुफ्फुस, जठर आणि अन्ननलिका यांना किरणांचा जास्त प्रसाद. किरणोपचारतज्ज्ञांचा कल स्वाभाविकपणे लहान आखण्याकडे होता, हृदयतज्ज्ञांचा मोठे. शेवटी दोन्ही जागा आणि त्यांना जोडणारा व्रणाचा पट्टा, भिंतीच्या पूर्ण जाडीसह, असे ठरले. टोकाकडचा लाल भाग सोडून दिला, कारण दोन्ही व्हीटींचा त्याच्याशी संबंध दिसत नव्हता. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. पण सोडलेला तो भाग लक्षात ठेवा.

यानंतरचे काम मेडिकल फिजिसिस्टचे, म्हणजे किरणांच्या डोसचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचे. हृदय धडधडते आणि श्वासाबरोबर वर-खाली होते. श्वासपटलाजवळच्या भिंतीला श्वासाची हालचाल जास्त. पोटावर हलका दाब देणारा पट्टा लावून ती कमी केली. श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरची सीटी घेऊन लक्ष्य जिथे जिथे जाते त्या सर्व जागांचे एकत्र क्षेत्र काढले आणि त्याभोवती पाच मिलिमीटरची पट्टी ठेवली. तसे करता करता मूळ लक्ष्य जवळजवळ दुप्पट झाले. आता खालची कड जठराच्या वरच्या फुगीर भागापासून जेमतेम काही मिलिमीटरवर आली.

इथे कोणाला तरी माघार घ्यावी लागते. ठरलेला डोस २५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक), एकाच बैठकीत. कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात एका दिवशी साधारण २ ग्रे देतात, त्यावरून याची कल्पना यावी. जठराच्या भिंतीला एवढा डोस झेपत नाही. एन्कोर-व्हीटीतल्या एका रुग्णाला उपचारानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने जठर आणि हृदयावरण यांच्यात भोक पडून जोड तयार झाला होता. म्हणून जठराकडच्या कडेला लक्ष्याचा डोस मुद्दाम कमी ठेवला. उपचाराआधी उपाशी राहायचे, म्हणजे जठर रिकामे आणि लहान राहील, हेही ठरले. आयसीडीचा डबा थेट झोतात येणार नाही आणि किरणांची ऊर्जा न्यूट्रॉन तयार होण्याच्या पातळीखाली राहील, याची काळजी घेतली, कारण न्यूट्रॉनमुळे यंत्राची स्मृती बिघडू शकते.

उपचाराचा दिवस

सांगण्यासारखे फार नाही. मळमळीचे औषध दिले, आयसीडीची शॉक देण्याची सोय तेवढ्यापुरती बंद केली, बाहेरचे पॅड लावले, टेबलावरच सीटी घेऊन हृदयाची जागा जुळवली. पाच सेंट-लुइस रुग्णांना यंत्रावर ११ ते १८ मिनिटे लागली होती. गुरुजींनाही त्याच सुमारास. उठताना त्यांनी विचारले, "झालं? काहीच कळलं नाही." आयसीडी तपासून पुन्हा चालू केला.

नंतर

चौथ्या दिवशी शॉक बसला. घरच्यांना याची पूर्वसूचना होती, तरी मुलीचा फोन आला तेव्हा आवाजात निराशा होती. पहिल्या सहा आठवड्यांतल्या झटक्यांवरून यश-अपयश ठरवत नाहीत. अशा वेळी हात आवरून बसणे हाच उपचार असतो, आणि तो करायला सर्वांत कठीण. दुसऱ्या आठवड्यात नोंदींमध्ये व्हीटी होत्या, पण शॉक न देताच मोडलेल्या. पाचव्या आठवड्यात एकही नाही. तिसऱ्या महिन्यात मेक्सिलेटिन बंद केले, अमिओडॅरोन निम्मे केले. गुरुजी पलंगावर झोपू लागले. ही बातमी त्यांच्या पत्नीने स्वतःहून सांगितली, नोंदींच्या आधी.

परिणाम इतक्या लवकर का दिसतो, हे मोठे कुतूहलाचे आहे. सुरुवातीचा तर्क असा होता की किरणांनी व्रणातले उरलेसुरले तंतू मरतात आणि वाट बंद होते. पण किरणांमुळे असा कडक व्रण बनायला महिने लागतात. इथे तर आठवड्यांत फरक पडतो. स्टेसी रेंटश्लर यांच्या गटाने २०२१ साली दाखवले की किरणांनंतर हृदयपेशींत सोडियम वाहिनीचे एनएव्ही१.५ आणि पेशी जोडणारे कनेक्सिन४३ ही प्रथिने वाढतात, आणि वहन जलद होते. नॉच नावाची, एरवी मोठ्या वयात शांत असणारी संकेत-यंत्रणा त्यामागे असल्याचे दिसते. म्हणजे कॅथेटर वाट जाळून बंद करते, तर किरण रेंगाळणाऱ्या वाटेला वेग देऊन तिचा फेरा मोडतात, असे काहीसे. हे खरे असेल तर २५ ग्रेची गरजच आहे का, कमी डोसात भागेल का, हा प्रश्न ओघानेच येतो, आणि जठराच्या त्या कडेचा विचार करता तो फार मोलाचा आहे.

चौथ्या महिन्यात गुरुजींना चढ चढताना धाप लागू लागली, कोरडा खोकला आला. कारणे तीन असू शकत होती, आणि तिन्हींचा उपचार वेगळा. हृदय पुन्हा ढिले पडले असेल, तर लघवी वाढवणारी औषधे. अमिओडॅरोनने फुफ्फुस धरले असेल, तर ते बंद. किरणांमुळे फुफ्फुसाला सूज आली असेल, तर स्टिरॉइड. वजन वाढलेले नव्हते, पायांना सूज नव्हती. सीटीवर डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात धुरकट डाग दिसला. फिजिसिस्टने डोसचा नकाशा त्यावर ठेवला, तेव्हा डागाची कड डोसच्या रेषेशी जवळजवळ मिळाली. अमिओडॅरोनने होणारी हानी अशी रेषा पाळत नाही. ती सहसा दोन्ही फुफ्फुसांत विखुरते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केले, तीन आठवड्यांत धाप ओसरली. हे निदान डोसच्या नकाशावरून झाले, म्हणून माझे मत असे की तो नकाशा किरणोपचार विभागात पडून न राहता रुग्णाच्या फाइलमध्ये जायला हवा.

दहाव्या महिन्यात आयसीडीने नवी व्हीटी नोंदवली. अंतर ४६० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे १३०. बारा लीडचा ईसीजी या वेळी मिळाला, कारण ती सावकाश होती आणि गुरुजी बोलत-चालत आले होते. छातीवरच्या लीडमध्ये लहरी आता खाली जात होत्या. बाहेर पडण्याची जागा मुळाशी नव्हती, टोकाकडे होती. तो सोडलेला लाल भाग.

मुलीने विचारले, "मग पुन्हा रेडिएशन देता येईल का?"

देता येते, दुसऱ्यांदा दिल्याची उदाहरणे आहेत. पण त्या भागाच्या अगदी खाली जठर, आणि त्याच्या भिंतीला आधीचा डोस मिळालेला. शिवाय या नव्या व्हीटीची वाट आतल्या पृष्ठभागाजवळ असण्याची शक्यता होती, कारण जुन्या नकाशात तो भाग आतूनच लाल दिसत होता. म्हणजे तिथे कॅथेटर पोचेल. प्रकृतीही पहिल्यापेक्षा बरी होती: स्टॉर्म नाही, औषधे कमी. कॅथेटर अ‍ॅब्लेशन आणि किरणोपचार यांची थेट तुलना करणारी रेडिएट-व्हीटी ही चाचणी सुरू आहे. पण ती कोणाला आधी काय द्यावे हे सांगेल, या माणसाच्या या भिंतीला काय हवे ते इथेच ठरवावे लागणार होते. दोन्ही विभाग पुन्हा त्याच पडद्यासमोर बसले. तिथे किरणोपचारतज्ज्ञच म्हणाले की या वेळी आम्ही नको.

तूर्त आयसीडीच्या न दुखणाऱ्या ठोक्यांनी ही व्हीटी दर वेळी मोडते आहे. तिची ओळखीची मर्यादा १२० वर आणली आहे. आतून, भूल न देता, लहानसे अ‍ॅब्लेशन करायचे ठरले असून त्याआधी मूत्रपिंडांचे आकडे थोडे सुधारण्याची वाट पाहणे चालू आहे. जठरासाठी आम्लता कमी करणारी गोळी कायमची, आणि पोटदुखी, काळी शी किंवा ताप यांपैकी काहीही झाले तर दोन्ही विभागांना एकाच वेळी कळवायचे, अशी चिठ्ठी गुरुजींच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लावली आहे.